सोंगातली माळ

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी असं पुष्कळदा वाटतं, पण माझा मोबाईल ती मला विसरू देत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्याला टाके पडले. ते सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. या प्रकरणात मात्र कुणी हत्यार उचललं नव्हतं, कुणाचं कुणाशी वैर नव्हतं, तरीही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. बुलढाणा जिल्ह्यात चिखलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी ठाणेदार होतो. त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. गस्तीवाले सह्या करून घरी निघाले होते आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे काळी-पिवळी जीपवाल्यांची ठाण्यासमोरच भांडणं चालली होती. एक वयस्क गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. निवृत्त शिक्षक होते. नाव सांगत नाही, मास्तर म्हणतो.

"साहेब, माझ्यावर गुन्हा दाखल करा," ते म्हणाले. "मी माझ्या बायकोला मारलं."

आपण होऊन गुन्हा कबूल करायला येणारा माणूस एक तर दारू प्यालेला असतो, नाही तर नुकता स्मशानातून आलेला. मास्तरांच्या तोंडाला वास नव्हता. मी त्यांना बसवलं आणि पाणी मागवलं.

हकीकत अशी होती. त्यांच्या पत्नीला जुनी साखर होती. रोज इन्सुलिनची सुई लागायची आणि ती मास्तर स्वतःच्या हातानं द्यायचे. एक दिवस मोबाईलवर एका चूर्णाची जाहिरात आली. मास्तरांनी ती पत्नीला दाखवली, चूर्ण मागवलं आणि सुई बंद केली. सुरुवातीला बाईंना हलकं वाटलं. मग उलट्या सुरू झाल्या, मग शुद्ध गेली, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्याकडून आमच्याकडे अकस्मात मृत्यूची खबर आलेलीच होती. ठाण्याच्या भाषेत आम्ही त्याला मर्ग म्हणतो.

"मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं साहेब," मास्तर म्हणाले. "पेपरातली जाहिरात असती तर चुरगाळून फेकली असती. पण त्या माणसाच्या गळ्यात माळ होती."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. लिंबाखाली बाजेवर बसलेला धोतर-टोपीतला एक शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ. पश्चिम महाराष्ट्रातले प्रगतशील शेतकरी, असं खाली लिहिलेलं. कित्येक वर्षं सुया टोचून अंगाची चाळणी झाली, असं तो सांगत होता. मग त्यानं माळ मुठीत धरली. आवाज खाली आणला. "या माळेची आण घेऊन सांगतो, सुई बंद केली, गोळी बंद केली. गोडधोड खातो, तरी ठणठणीत आहे. मग सुई काऊन टोचून घ्यायची, सांगा तुम्ही?"

माळ म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. माळ घेतली की दारू सुटली, मटण सुटलं आणि खोटं बोलणं सुटलं. माझे वडील माळकरी होते. बांधाच्या खटल्यात एक वाक्य खोटं बोलले असते तर जिंकले असते. बोलले नाहीत आणि हरले. तेव्हा मास्तरांना हसण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता.

मी तो व्हिडिओ परत परत लावला. चेहरा चांगला, आवाज त्याहून चांगला, बोलणं अगदी पुस्तकी. फक्त एका ठिकाणी त्याची जीभ घरी गेली होती. 'काऊन'. पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी 'का' म्हणेल, 'कशाला' म्हणेल, 'काऊन' म्हणणार नाही. हा माणूस आमच्याच वऱ्हाडातला होता.

एवढाच धागा हाती राहिला होता. पाकिटावरच्या पत्त्यावर परराज्यातल्या शहरात एक बंद शटर निघालं. फोन नंबर बंद. सायबर सेलनं सांगितलं की ही जाहिरात एका ठिकाणाहून उतरवली तर दुसऱ्या नावानं दुसरीकडे उगवते. तेव्हा मी त्याचा फोटो काढून जिल्ह्यातल्या खबऱ्यांना पाठवला. शेगावच्या एका पानटपरीवाल्याचा लगेच फोन आला.

"साहेब, हा तं आपला भोंगेवाला हाये. रिक्षावर भोंगा लावून दुकानाइची जाहिरात करते. पन माळ कुठची जी? सांज झाली की याले भिंत धरून चालावं लागते."

हवालदार त्याला घेऊन आले तेव्हा तो हसतच आत आला. त्याला वाटलं, भोंग्याच्या परवानगीची भानगड असेल. चाळिशीतला, अंगानं किडकिडीत, पण बोलायला लागला की खोली भरायची. गळा मोकळा होता. मी व्हिडिओ लावून समोर ठेवला. तो घाबरेल अशी माझी अपेक्षा होती. त्यानं उलट खुर्ची पुढे ओढली.

"कसा वाटला साहेब पार्ट?" त्यानं विचारलं.

चौकशीत गुन्हेगार तीन तऱ्हेनं वागतात, असं आम्हाला शिकवलेलं असतं. नाकारतात, दुसऱ्यावर ढकलतात किंवा रडतात. आपल्या पार्टला दाद मागणारा मी प्रथमच पाहत होतो. त्यानं सगळं बिनदिक्कत सांगितलं. लहानपणापासून नवरात्रात गावच्या नाटकात तो कामं करायचा. पडद्यावर दिसावं एवढी एकच हौस होती. शेगावात कुणीतरी त्याचा भोंग्यावरचा आवाज ऐकला, 'चेहरा बोलका आहे' म्हणाला आणि मोठ्या शहरात घेऊन गेला. त्या माणसाला सगळे डायरेक्टर साहेब म्हणायचे, नाव कुणी घेतलं नाही. धोतर त्यांचं, टोपी त्यांची, माळही त्यांच्याच पेटीतली. वाक्य पाठ केलं, तीनदा म्हटलं, झालं.

"तुला साखर आहे?"

"नाई जी."

"मग शपथ कशी घेतलीस?"

"साहेब, मी गावात रावनाचा पार्ट केला, तवा कोनी मले सीता चोरली म्हनून धरलं काय?" तो म्हणाला. "सोंग ते सोंग. अन् सगळी सोंगं आनता येतात, पैशाचं सोंग आनता येत नाई, म्हनून गेलो."

त्याचा मुद्दा खोडायला मला वेळ लागला, हे खरं आहे. रावणाचं काम पाहणाऱ्याला मांडव दिसतो, पडदा दिसतो, ओठाला चिकटवलेल्या मिशा दिसतात. लिंबाखालच्या बाजेवर मांडव नव्हता. पण हे त्याला समजावण्यापेक्षा मी, रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या मास्तरांना आत बोलावलं.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. वर्गात पोराला विचारावं तसं विचारलं, "तुमच्या गळ्यात माळ नाही का?"

"नाई मास्तर. थे त्याइची होती."

"माझी बायको गेली," मास्तर म्हणाले. "तुमच्यावर विश्वास ठेवून मी तिची सुई बंद केली."

भोंगेवाल्याचं हसू गेलं. तो एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघायला लागला. मग त्यानं जे विचारलं, त्यानं प्रकरणाची दिशाच बदलली.

"साहेब, सुई बंद केली तं मानूस मरते?"

"मरतो. समोर बघ."

"माही मायबी सुई घेत होती," तो म्हणाला, आणि त्याच्या त्या भरदार आवाजाला प्रथमच चीर गेली.

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. आई सोनाळ्याकडच्या एका खेड्यात, त्याच्या विधवा बहिणीजवळ राहायची. बाप दारूनं गेलेला आणि पोरगाही त्याच वाटेवर. म्हणून तिनं किती तरी वर्षांपूर्वी गूळ सोडला होता. पोरगा माळ घेईल तेव्हाच गूळ तोंडात घालीन, असा तिचा नेम. साखरेचा आजार मागाहून निघाला. गूळ त्याच्या आधीच सुटलेला होता. अशात कुणीतरी तिला मोबाईलवर हा व्हिडिओ दाखवला. पोरगा माळ घालून बसलेला, माळेची आण घेतोय. तिनं फोन केला. "तुनं माळ घेतली, मले सांगतलं काऊन नाई? अन् तुले साखर होती, थे बी लपवलं ना रे, मी काळजी करन म्हनून. आता म्या बी सुई बंद केली."

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"हाव म्हनलो," तो म्हणाला. "लय खूश होती साहेब. तिले खूश झालेली मी कधी पाह्यलीच नव्हती."

मी स्टेशन डायरीत नोंद केली, गाडी काढली, त्याला आणि एका हवालदाराला सोबत घेतलं. त्यापूर्वीच्या तपासात आम्ही मेलेल्या माणसाच्या मागे होतो. आता एक जिवंत बाई वाचवायची होती, आणि तिला वाचवू शकेल असा एकमेव माणूस माझ्या गाडीत मागे बसला होता.

म्हातारी ओट्यावर बसून तूर पाखडत होती. एका पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या. घरात देव्हाऱ्याजवळ त्या जाहिरातीतलाच फोटो मोठा करून लावलेला होता. हळद-कुंकू वाहिलेलं. पोराला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिली नजर टाकली ती त्याच्या गळ्यावर.

"माळ कुठं हाये रे?"

तो तिच्या पायाशी बसला. "माय, मी माळ घेतलीच नाई. थे सोंग होतं. मले साखर बी नाई, चूर्न बी मी कधी खाल्लं नाई. तू सुई घे. आजच घे."

तिनं माझ्या खाकीकडे पाहिलं. मग हवालदाराकडे. म्हातारी खुळी नव्हती. नवऱ्याला दारूच्या गुन्ह्यात उचलून नेलेलं तिनं पाहिलं होतं. कोठडीत घालताना आम्ही करदोडा, गळ्यातलं-हातातलं सगळं उतरवून घेतो, हे तिला ठाऊक होतं.

"पोलिसायनं उतरवली काय रे माळ?" तिनं विचारलं.

"नाही आजी," मी म्हणालो. "तो खरं सांगतोय. एक बाई या जाहिरातीपायी दगावली. तुम्ही सुई सुरू करा."

"साहेब, राग नका मानू," ती शांतपणे म्हणाली. "लोकाइच्या तोंडून बोलावून घेनं हेच तुमचं काम हाये. तवा त्याच्या मागं कोनी उभं नव्हतं. एकटा बसून माळ हातात धरून बोलला माहा लेक. आता मागं दोन पोलीस उभे हायेत. मी कोनतं खरं मानू?"

कायद्याच्या दृष्टीनंही बाईचं बरोबर होतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्ट मानत नाही, आणि का मानत नाही हे त्या अडाणी बाईनं मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी हवालदाराला घेऊन पार रस्त्यापर्यंत मागे गेलो. म्हटलं, आमची सावली बाजूला होऊ दे.

पोरगा रडत होता. पाय धरत होता, कपाळ ओट्यावर आपटत होता. शेजारच्या बाया जमल्या. म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायांना कौतुकानं म्हणाली, "पाहा बाप्पा, कसा रडते. लहानपनापासून सोंगाड्याच हाये हा."

आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातून नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांनी बोटातून रक्त घेऊन यंत्रावर आकडा दाखवला. आकडा भयंकर होता. नर्सबाई चिडून बोलल्या, मग काकुळतीला येऊन बोलल्या. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिची मुलगी, भोंगेवाल्याची बहीण, आतून बाहेर आली आणि आईवर ओरडली, "घे ना वं माय एक सुई. काय जाते तुहं?"

तेव्हा म्हातारीच्या तोंडून खरी गोष्ट निघाली.

"म्या गावभर गूळ वाटला बाई," ती म्हणाली. "घरोघर जाऊन सांगतलं, माह्या पोरानं माळ घेतली. आज सुई घेतली तं गाव म्हनन, पोट्टं पेताडच हाये. मंग माह्या गुळाचं काय?"

तिला आजार कळत नव्हता असं नाही. तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या, सुई आणि पोरगा. सुई घेतली की पोरगा खोटा पडत होता. तिनं पोरगा निवडला. हे समजल्यावर नर्सबाईंनी यंत्र पेटीत ठेवलं.

मी तिला जबरदस्तीनं गाडीत घालून नेऊ शकत नव्हतो, शुद्धीवरच्या माणसाला तशी सक्ती करता येत नाही. पायाची जखम चिघळली आणि तिला ताप भरला, तेव्हा मुलीनं तिला शेगावला नेऊन भरती केलं. तिथे सुया दिल्या, पण पाय वरपर्यंत काळा पडला होता. पोळा उलटला आणि ती गेली. पोरगा तेव्हा जामिनावर सुटला होता. मुलीनं मला नंतर सांगितलं की शेवटच्या दिवशी तो जवळ बसला असताना म्हातारी त्याचा गळा चाचपत होती, आणि शर्टाचं वरचं बटण सापडल्यावर ते धरून शांत झाली.

तपासाचं काय झालं, असं वाचकांना वाटेल. गुन्हा नोंदवला, फसवणुकीची कलमं लावली, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही लावला. चूर्ण तपासणीला पाठवलं. हळद, मेथी आणि कसलासा पाला निघाला. डायरेक्टर साहेब सापडले नाहीत. ज्या जागेत चित्रीकरण झालं ती भाड्याची, लिंबाचं झाडही तिथल्या बागेतलं. आरोपी म्हणून माझ्या हाती लागला तो एक भोंगेवाला. ज्यानं आण घ्यायला लावली त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही, आणि ज्यानं घेतली त्याचा चेहरा जिल्ह्याला पाठ आहे. मास्तर प्रत्येक तारखेला कोर्टात येतात, असं ऐकतो. त्यांनी त्याच्याविरुद्ध कधी कडक शब्द काढला नाही. 'माझं नाव आरोपीत का नाही?' एवढंच ते वकिलाला विचारतात.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचारलं तर सांगायला बरं वाटत नाही. खरं बाहेर काढलं की आपलं काम संपलं, या समजुतीवर मी सगळी नोकरी केली. इथे खरं पहिल्याच बैठकीत बाहेर आलं होतं, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं. जाहिरातवाल्यांना चूर्ण कसं करतात ते कळत नसेल, पण आई कशावर विश्वास ठेवते ते बरोबर कळतं. आम्हाला ते कळेपर्यंत सरण रचलेलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी बुलढाण्यात राहायला आलो. मागच्या उन्हाळ्यात तो दारात उभा राहिला. मी ओळखलं नाही. अंग भरलं होतं, डोळे स्वच्छ होते आणि गळ्यात तुळशीची माळ होती. आईच्या वर्षश्राद्धाला घेतली, म्हणाला. त्या दिवसापासून दारूला शिवलेला नव्हता, भोंगाही सोडला होता. शेतावर रोजानं जातो, म्हणाला. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट बरी झाली.

"बरी कायची साहेब," तो म्हणाला.

जाहिरात अजून चालू होती, माझ्या मोबाईलवरही ती दिसतेच. आता त्याचं नाव वेगळं, गाव वेगळं, आवाज दुसऱ्याचा, आणि आजार गुडघ्यांचा. चेहरा आणि माळ मात्र तीच. एसटीत, बाजारात, दवाखान्याच्या दारात लोक त्याला ओळखतात. पूर्वी कुणी विचारलं की तो गळा उघडा करून दाखवायचा, म्हणायचा, पाहा, माळ नाई, खोटं हाये सगळं. काही जणांना तरी पटायचं.

"आता पटत नाई," तो म्हणाला. "परवा जीपमधी एक बाई भेटली. नवऱ्यासाठी इचारत होती. मी म्हनलं, माय, थे खोटं हाये, नका घेऊ. तिनं माह्या गळ्याकडं पाह्यलं अन् म्हने, माळकरी मानूस खोटी जाहिरात कशी करन? अन् मी आजच मागवन म्हने."

चहा आला होता. त्यानं कपाला हात लावला नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याकडे तो एवढ्या उन्हात एकच गोष्ट विचारायला आला होता.

"साहेब, मायसाठी घातली होती. काढून टाकू काय?"

एकदा गळ्यात पडलेली माळ देहाबरोबरच उतरते, असं माझे वडील सांगायचे. त्यांची माळ आम्ही सरणावरही काढली नव्हती. मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे पाहिलं, मग समोरच्या माणसाच्या गळ्याकडे. तोही उठून त्या फोटोपुढे उभा राहिला. मग माळ शर्टाच्या आत घालून, वरचं बटण लावून निघून गेला.